मोताळ्याचे कर्नल हिवराळे

प्रेमानंद हिवराळे यांचं मोताळ्यात बाजाराच्या रस्त्याला टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान दहा बाय बाराचं, आणि त्यातली अर्धी जागा लोकांनी दुरुस्तीला टाकून विसरलेल्या टीव्हींनी खाल्लेली. माणूस टीव्ही आणतो तेव्हा 'उद्याच पायजे' म्हणतो आणि महिन्याभरात नवाच घेऊन मोकळा होतो. असे चौदा टीव्ही प्रेमानंदभाऊंनी नीट करून, पुसून, मालकाच्या नावाची चिठ्ठी लावून सांभाळले होते. त्यांच्या पत्नी महामायाताई अंगणवाडी सेविका. त्या म्हणायच्या, "माह्या अंगणवाडीतले लेकरं तरी दुपारी घरी जातात. तुमचे हे कधी जातीन?"

ते गेले, पण घरी नाही. आमच्या विहाराच्या वरच्या खोलीत अभ्यासिका आहे. तलाठी भरती, पोलीस भरती, असल्या परीक्षांची तयारी करणारी पोरंपोरी तिथं मोबाइलच्या एवढ्याशा पडद्यावर डोळे फोडत बसायची. मी समितीत होतो. एका बैठकीत प्रेमानंदभाऊ म्हणाले, "पत्त्याच्या कॅटाएवढे काम्प्युटर भेटतात आजकाल. टीव्हीच्या मांगं लावला का झाला काम्प्युटर. टीव्ही माह्याकडे हायेतच." सगळ्यांना पटलं. तसले बारा काम्प्युटर, म्हणजे नुसत्या उघड्या पाट्या, मागवल्या. आल्या तेव्हा कळलं की नेटची केबल लावायला त्यांना भोकच नाही, नेट घ्यायचं तर वायफायवरच, आणि वायफाय बाराही पाट्यांवर बंद.

विकणाऱ्याला फोन लावला की एक गाणं वाजायचं आणि गाणं संपलं की फोन कट. त्यानं पाट्यांसोबत स्वतःचा ड्रायव्हर दिला होता. पाटीवरच्या वायफायच्या चिपशी कसं बोलायचं हे काम्प्युटरला सांगणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. तो सीलबंद होता, आत काय आहे ते कोणालाच दिसत नव्हतं, आणि तो चालायचा इतक्या जुन्या सिस्टिमवर की तिच्यात भरतीची वेबसाइटच उघडत नव्हती. मग भाऊंना नेटवर सापडलं की ह्याच चिपसाठी लोकांनी एक खुला ड्रायव्हर लिहिलाय. कोणीही वाचावा, चूक दिसली तर सुधारावी. तो टाकला. ड्रायव्हर छान बसला आणि म्हणाला, इथं चिपच नाही.

"समोर बसेल हाय थे," भाऊ मला दाखवत म्हणाले, "आन् हा म्हणते घरी कोनी नाही."

नेटवर विचारलं. कोणी म्हणालं नवी आवृत्ती टाका, कोणी म्हणालं जुनी टाका, एकानं दोन्ही टाकायला सांगितल्या. भाऊंनी तीन आठवडे सगळ्यांचं ऐकलं. त्यांचं वजन घटलं. शेवटी एका दुपारी महामायाताई डबा घेऊन दुकानात आल्या आणि नवऱ्याचं तोंड पाहून म्हणाल्या, "टीव्ही लागला नाही तं तुमी पयले काय पाहाता?"

"करंट येते का थे."

"मंग याचा पायला का?"

चोवीस वर्षं टीव्ही दुरुस्त करणारा माणूस तीन आठवडे मीटरला हात न लावता बसला होता. त्यांनी मीटर काढला. चिप नखाएवढी, तिचे पाय मुंगीचे. ताईंनी केसांतली क्लिप काढून पाटी धरली आणि भाऊंनी सुई टेकवली. करंट शून्य.

मग एकेका तारेचा माग काढत गेले. चिप चालू करणारी तार नऊ नंबरच्या पिनला जात होती. पण पाटीवर कुठं काय जोडलंय हे काम्प्युटरला सांगणारी जी फाइल असते, तिच्यात लिहिलं होतं सहा. म्हणजे काम्प्युटर रोज इमानदारीनं सहा नंबरचं बटण दाबत होता आणि तिथं काहीच नव्हतं. भाऊंनी सहाचा नऊ केला. पडद्यावर आजूबाजूच्या वायफायची नावं आली. पहिलंच नाव होतं 'पासवर्ड मागू नये'.

आता बारा टीव्ही अभ्यासिकेत लागले आणि दुसरी कटकट सुरू झाली. पूनम नावाची तलाठी परीक्षेची मुलगी सकाळी पहिली येऊन बसली, की नेट झकास. दुसरा कोणी बाजूला बसला, की पूनमचं नेट बंद. तिसरा बसला, की दुसऱ्याचं बंद. पोरं एकमेकांवर संशय घेऊ लागली. दोघांनी बोलणं टाकलं.

त्याच सुमारास उकंडराव आले. उकंडराव म्हणजे जवळच्या गावचे बागायतदार, सत्तरीचे, पांढरं धोतर. सहा वर्षांपूर्वी दिलेला टीव्ही त्यांना अचानक आठवला होता. दुकानात तो नाही म्हटल्यावर ते विहारात आले आणि पाहतात तर त्यांच्या टीव्हीवर पूनम मागच्या वर्षीची प्रश्नपत्रिका सोडवतेय. टीव्हीवर चिठ्ठी तशीच होती: 'उकंडराव. आवाज येतो, चित्र येत नाही.'

"बाई, तू कर अभ्यास," उकंडराव म्हणाले. "मी बाजूले बसतो. माहा टीव्ही हाय, मले त्याच्याजवळ बसू दे."

ते रोज येऊन बसू लागले. इतिहासाच्या प्रश्नांत त्यांना रस होता, गणितात ते डुलकी काढायचे. आठव्या दिवशी त्यांनी भाऊंना बोलावलं.

"प्रेमानंद, इकडे ये बे. तुह्या या मशिनाइचं नाव एकच हाय का?"

"काऊन काका?"

"आमच्या गावात दोन उकंडराव होते. बापाचं नाव बी एकच, महादेव. पोस्टमनले जो पयले दिसे त्याच्या हातात चिठ्ठी देऊन थो मोकळा. माह्या सासऱ्याच्या चिठ्ठ्या तीन वर्ष दुसऱ्यानंच वाचल्या. उत्तरं बी त्यानंच देल्ले."

"मंग?"

"मंग काही नाही. सासरे खूश होते. पन अथी तसंच होऊन राह्यलं. एक आला का दुसऱ्याचं बंद."

भाऊ तिथंच एका टीव्हीपुढं बसले आणि तपासलं. प्रत्येक वायफायला कारखान्यातून स्वतःचा एक नंबर मिळतो, घर नंबर असतो तसा. ह्या पाट्यांना तो दिलाच नव्हता, म्हणून ड्रायव्हरनं तो सोबतच्या सेटिंगच्या फाइलमधून उचलला. ती फाइल भाऊंनी एका पाटीवरून बाकी अकरांवर जशीच्या तशी उतरवली होती. बाराच्या बारा उकंडराव झाले होते. भाऊंनी प्रत्येकीला वेगळा नंबर दिला आणि त्या दिवसापासून बाराही टीव्ही एकाच वेळी चालले. न बोलणारी दोघं बोलू लागली, पण त्याला अजून आठवडा लागला.

खरं तर इथं काम संपलं होतं. पण प्रेमानंदभाऊंच्या मनात आलं की ही पाटी जगात आणखी कोणी घेतली असेल, तोही बिचारा सहा नंबरचं बटण दाबत बसला असेल. पिनांचे नंबर असलेली ती फाइल सांभाळणारा माणूस एस्टोनिया नावाच्या देशात राहतो, तार्मो त्याचं नाव. भाऊंनी शाळेत शिकवलं होतं तसं इंग्रजीत पत्र लिहिलं. आदरणीय महोदय, आम्ही इकडे सर्व खुशाल असून आपली खुशाली कळवावी, पुढे पावसापाण्याचं, आणि शेवटच्या ओळीत सहाचा नऊ.

तार्मोचं उत्तर चार ओळींचं. बदल आधी लिहा. ओळीच्या शेवटी मोकळी जागा सोडू नका. पावसाबद्दल आभार. दुसऱ्या वेळी त्यानं आणखी एका मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. भाऊ म्हणाले, "एवढी बारीक नजर तं माह्या सासूची बी नाही." तिसऱ्या वेळी त्यानं विचारलं, नऊच कशावरून?

भाऊंनी फोटो पाठवला. फोटोत मीटर, क्लिपेनं धरलेली पाटी, ताईंची दोन बोटं, आणि मागं दुकानाच्या दारातून आत डोकावणारी एक बकरी. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: मोजून पाहिलंत, उत्तम. बदल स्वीकारला. बकरीचं नाव काय?

"शेजाऱ्याची आहे, विचारून कळवतो," असं भाऊंनी लिहिलं, आणि खरोखर विचारायला गेले. बकरीला नाव नव्हतं.

त्या संध्याकाळी चहा पिताना ते ताईंना म्हणाले, "माहं नाव कर्नलमध्ये गेलं." काम्प्युटरच्या सिस्टिमचा जो गाभा असतो त्याला कर्नल म्हणतात, आणि पिनांची ती फाइल त्याचाच भाग. ताईंना ते ठाऊक होतं. त्यांनी अंगणवाडीत मदतनीस बाईंना जसंच्या तसं सांगितलं. बाईंनी पुढं सांगताना थोडं सोपं केलं.

तीन दिवसांनी बसस्टँडवर फ्लेक्स लागला. फौजी वर्दी, छातीवर बिल्ले, आणि वर चष्म्यासकट प्रेमानंदभाऊंचं तोंड. 'मोताळ्याचे भूमिपुत्र कर्नल प्रेमानंद हिवराळे यांचे हार्दिक अभिनंदन.' खाली शुभेच्छुक म्हणून उकंडरावांचा फोटो, कर्नलपेक्षा मोठा.

भाऊंना हे कळायच्या आधीच उत्तमराव दुकानात आले. फौजेतून निवृत्त झालेले हवालदार. इस्त्रीचे कपडे, मेडल लावलेली. दारात ताठ उभं राहून त्यांनी सॅल्यूट ठोकला. भाऊंच्या हातात तापलेली सोल्डरिंग होती. त्यांनीही गडबडीत हात वर नेला आणि उजवी भुवई थोडी जाळून घेतली.

"रेजिमेंट कोन्ती, साहेब?" उत्तमरावांनी विचारलं.

भाऊंना वाटलं, हे सिस्टिमचं विचारतायत. "लिनक्स."

"नवी उभी केली का?"

"नाही, तीस-पस्तीस वर्ष झाले असतीन."

"हेडक्वार्टर कोठी हाय?"

"एका जागी नाही. लोक आपापल्या घरून करतात. कोनीबी भरती होऊ शकते. माह्यासारख्याले पगार गिगार नाही."

"मंग लय कठीन ड्युटी हाय," उत्तमराव म्हणाले.

आता भाऊंच्या लक्षात आलं. त्यांनी उत्तमरावांना स्टुलावर बसवलं, चहा मागवला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. उत्तमरावांनी ऐकलं. मग तो बदल पाहायला मागितला. भाऊंनी पडद्यावर दाखवला. वर एक ओळ लाल, तिच्यात सहा. खाली एक ओळ हिरवी, तिच्यात नऊ. शेजारी भाऊंचं नाव.

"एवढंच?"

"एवढंच."

"नकाशावर एक आकडा चुकला तं आख्खी पलटन भलत्याच नाल्यात जाते," उत्तमराव म्हणाले. "आमची गेलती. दोन दिवस कोनाले सापडलो नाही." ते उठले, कपडे नीट केले आणि पुन्हा सॅल्यूट केला. ह्या वेळी भाऊंनी आधी सोल्डरिंग खाली ठेवली.

फ्लेक्स काढायला उकंडरावांनी ठाम नकार दिला; एवढा चांगला फोटो त्यांचा दुसरा नाही म्हणतात. पुढं वाऱ्यानं कर्नलचा भाग फाटून गेला आणि नुसते शुभेच्छुक उरले. आता खामगावहून, जळगाव जामोदहून लोक बंद पडलेल्या पाट्या घेऊन येतात आणि दुकानात शिरताच 'कर्नल साहेब आहेत का' विचारतात. सुरुवातीला भाऊ समजावून सांगायचे. आता नुसतं 'बोला' म्हणतात.

सध्या ते त्याच चिपच्या ब्लूटूथच्या मागं लागलेत. परवा मी सहज दुकानात गेलो तर मान वर न करता म्हणाले, "बसा, पाच मिनिटात लागते." मी दीड तास बसलो. लागलं नाही, पण चहा दोनदा झाला.