कूलरपुढचं टेबल

आमच्या धंद्यात काम झालं की एक छापील कागद भरून द्यावा लागायचा. त्यावर दोन रकाने: 'दोष' आणि 'उपाय'. त्या दोन रकान्यांत जे मावत नसे ते आम्ही डोक्यात भरून घरी आणायचो. ते कागद केव्हाच रद्दीत गेले. डोक्यातलं मात्र चार मित्र बसले की अजून बाहेर पडतं, आणि त्यातलं निम्मं एकट्या कळमेश्वरचं असतं. तिथे एका महिन्यात माझं जेवढं रक्त आटलं, तेवढं पुढच्या सगळ्या नोकरीत आटलं नाही.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मे महिना होता. मी आणि माझा जोडीदार मेश्राम रोज सकाळी नागपूरहून एस.टी.ने कळमेश्वरला जायचो. पत्र्याचे डबे बनवणारा कारखाना. त्याच्या ऑफिसात सात बाबू, सात टेबलं, आणि त्यावर आम्हाला सात कॉम्प्युटर बसवायचे होते. या मशिनींना स्वतःची डिस्क नव्हती. एक मोठी मशीन, म्हणजे सर्व्हर, साहेबांच्या केबिनमध्ये. त्यात आम्ही डॉस, म्हणजे मशीन चालवणारा प्रोग्रॅम, भरून ठेवायचा, आणि सकाळी बटण दाबलं की तो तारेतून एकेका मशीनमध्ये उतरला पाहिजे. डॉस उतरला तर कॉम्प्युटर, नाही तर डबा. आणि डब्यांची त्या कारखान्यात कमी नव्हती.

पहिल्याच दिवशी शेंडेबाईंनी आम्हाला एक गोष्ट हळूच सांगितली. साहेबांची पत्रं त्याच टाइप करायच्या.

"हेड ऑफिसचं पत्र आलं जी. कॉम्प्युटर आले का एक माणूस कमी करा म्हंते."

"कोण?"

"नाव नाई लिहिलं."

एवढंच. नाव लिहिलं असतं तर एक माणूस घाबरला असता. न लिहिल्यामुळे सातही जण घाबरलेले, आणि आम्ही दोघं त्यांच्यासाठी यमाचे रेडे. पहिले तीन दिवस आम्हाला कोणी पाणीसुद्धा विचारलं नाही.

*

कॉम्प्युटरला धूळ चालत नाही हे साहेबांनी कुठेतरी वाचलं होतं. त्यांनी हॉलच्या दारावर पाटी रंगवून घेतली: 'बूट बाहेर काढावे.' ती पाळली जाते की नाही हे बघायला नत्थूजी शिपाई स्टूल टाकून दारात बसायचे.

चौथ्या दिवशी आमच्या सहा मशिनी चालू झाल्या, आमच्या भाषेत 'बूट' झाल्या, सातवी काही केल्या होईना. मेश्रामने नागपूरला आमच्या ऑफिसात फोन लावला. लाइन खराब, त्यामुळे तो बोंबलूनच बोलत होता.

"सहा बूट झाल्या, साहेब. सहा! सातवी बूट होऊन नाई राहिली. शेंडेबाईच्या टेबलावरची!"

नत्थूजी उठले, दाराबाहेर काढलेले जोडे बघून आले, आणि मेश्रामने फोन ठेवेपर्यंत अदबीने थांबले.

"बाईचा बूट कुठून होईन जी," ते म्हणाले. "त्या चप्पल घालतेत."

त्या मशीनची चिप बदलावी लागली. आम्ही तिला शेवटपर्यंत 'चपलेवाली' म्हणायचो. रिपोर्टात मात्र चिपच लिहिली.

*

'डॉस उतरतो' हा आमचा रोजचा शब्द. तो नत्थूजी रोज ऐकायचे. एका सोमवारी आलो तर सगळं बंद. सर्व्हर चालू आहे, आणि बाहेर सातही मशिनी मेल्यासारख्या. दोन तास आम्ही तार चाचपत फिरलो. साहेब टूरवर होते, म्हणून शेवटी केबिनमध्ये शिरलो, तर सर्व्हरचं टेबल मला छातीपर्यंत लागलं. चारही पायांखाली तीन-तीन विटा. त्या उंचीमुळे तार ताणली जाऊन मागून निसटली होती.

"हे कोणी केलं?"

"मीनंच केलं जी," नत्थूजी म्हणाले. "तुमीच तं म्हंता का शेवटच्या टेबलावर उशिरा उतरते. आमच्या गल्लीत बी शेवटच्या घराले नळ करंगळीएवढा येते. टाकी वर केली का धार बरोबर येते."

मी विटा मोजायला लागलो. मेश्राम मात्र त्यांना समजावायला बसला, की हे पाणी नाही, वीज आहे, विजेला चढ-उतार नसतो. नत्थूजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मंग उतरते काहून म्हंता?" त्यांनी विचारलं.

विटा आम्हीच काढल्या. बारा विटा, मे महिना.

*

आता माझी चूक सांगतो. तार अशी टाकतात: एका टेबलावरून दुसऱ्या, दुसऱ्यावरून तिसऱ्या. तारेतून गेलेला सिग्नल टोकाला आपटला की परत फिरतो आणि सगळा गोंधळ करतो. तो टोकालाच जिरावा म्हणून तिथे बोटाच्या पेराएवढं एक टोपण लावतात. त्याला म्हणतात टर्मिनेटर. ते निघालं की एकही मशीन चालत नाही.

साहेब म्हणाले, हॉलचा नकाशा काढून नोटीस बोर्डावर लावा, लोकांना कळू द्या. मी छान पट्टी घेऊन, इंग्रजीत, सात चौकोन काढले. प्रत्येकात नाव. शेवटच्या चौकोनात भोयर बाबूंचं नाव, आणि त्याच्यापुढे बाण काढून ठळक अक्षरात 'टर्मिनेटर'. कागद मस्टरच्या शेजारी लावला.

सातही जणांनी तो वाचला. जेवणाच्या सुट्टीत परत वाचला. माझा कागद इतक्या मन लावून आयुष्यात पहिल्यांदा कोणी वाचत होतं. मला बरं वाटलं, काय सांगू!

*

दुसऱ्या दिवसापासून टेबलं फिरायला लागली.

सकाळी आलो तर भोयर बाबूंचं टेबल खिडकीत, आणि शेवटी चौधरी बाबू. तार ओढून-ओढून तुटलेली. आम्ही जोडली. तिसऱ्या दिवशी चौधरी मधे, शेवटी शेंडेबाई. परत जोडली. चौथ्या दिवशी शेंडेबाई थेट दाराशी.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"कूलरचं पाणी उडते अंगावर," भोयर बाबू म्हणाले.

"मले कूलरनं सर्दी होते," चौधरी बाबू म्हणाले.

"वाळ्याचा वास येते," शेंडेबाई म्हणाल्या.

शेवटचं टेबल बरोबर कूलरच्या पुढे होतं. नागपूरकडच्या माणसाला मे महिन्यात कूलरपुढची जागा नको होते, हे ऐकूनच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. मेश्रामच्याही नाही पडला. आम्ही सरळ साहेबांकडे जाऊन भांडलो. साहेबांनी हुकूम काढला: उद्या सकाळी दहाला जे टेबल जिथे असेल ते तिथेच राहील, पाय जमिनीला ठोका.

त्या दिवशी लांजेवार बाबू सुट्टीवर होते. ते डिस्पॅच सांभाळायचे, सव्वीस वर्षांची नोकरी, ऑफिसातला सगळ्यात गरीब माणूस. पुतणीच्या लग्नाला गावी गेले होते. परत आले तेव्हा त्यांचं टेबल कूलरपुढे ठोकलेलं होतं आणि बाकीचे सहा जण मान खाली घालून काम करत होते.

लांजेवार बाबूंनी नोटीस बोर्डापाशी जाऊन कागद बघितला. मग येऊन आपल्या जागी बसले.

*

मग टर्मिनेटर नाहीसे व्हायला लागले.

पहिलं गेलं तेव्हा मेश्राम म्हणाला, उंदरानं नेलं. मी म्हटलं, लोखंड खाणारा उंदीर तू बघितलास का? दुसरं गेलं तेव्हा आम्ही नत्थूजींना झाडूच्या केरात शोधायला लावलं. हे टोपण नागपुरात मिळत नव्हतं, मुंबईहून मागवावं लागायचं. तिसरं आलं तेव्हा शुक्रवारी हेड ऑफिसचे डायरेक्टर बघायला येणार असल्याचं ठरलं होतं. गुरुवारी संध्याकाळी मी ते स्वतः बसवलं, वर तार गुंडाळली, सातही मशिनी चालवून बघितल्या.

शुक्रवारी सकाळी सातही बंद. शेवटच्या टेबलाखाली तार मोकळी सोडवून ठेवलेली, टोपण गायब. डायरेक्टरांची गाडी यायला अर्धा तास होता. मी जमिनीवर बसून होतो आणि अक्षरशः रडायच्या बेतात होतो.

लांजेवार बाबूंनी खिशातून सुपारीची डबी काढली, उघडली आणि माझ्यापुढे धरली. आत सुपारी नव्हती. तीन टर्मिनेटर होते.

"लांजेवार बाबू, तुम्ही?"

"मीच," ते म्हणाले. "तुमची परेशानी पाहून राहिलो मी इतक्या दिवसांपासून. पण मी काय करू, सांगा. माही पोरगी बारावीले हाय. अजून चार वर्षं देली असती मले तं तिचं शिक्षण निघालं असतं. मंग मले पाहिजे तं काढा. पण तुमी तं टर्मिनेटर माह्याच टेबलाले लावला, आन् सगळ्यायले दिसन असा."

मला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा फार लाज वाटली. ती टेबलं का फिरत होती, कूलर कोणालाच का नको होता, सगळं एकदम कळलं. कोणाची नोकरी 'टर्मिनेट' होणार ते इंग्रजीत, पट्टी घेऊन, मीच लिहिलं होतं.

मी त्यांच्या शेजारी बसून समजावलं. हे नुसतं टोपण आहे. माणसाचा याच्याशी काही संबंध नाही. सिग्नल टोकावर जिरवण्यासाठी लावतात.

"म्हंजे टोकावर बसते त्याची जिरवते," लांजेवार बाबू म्हणाले.

नोकरी जाणार नाही, असं मी त्यांना सांगू शकलो नाही. मला ते माहीत नव्हतं. मी फक्त तारेबद्दल सांगू शकत होतो, तेवढं सांगितलं. म्हटलं, तारेला टोकं दोन असतात बाबू, म्हणून टोपणंही दोन लागतात. एक तुमच्याकडे.

"आन् दुसरं?"

"दुसरं सर्व्हरला. साहेबांच्या केबिनमध्ये."

"लावलं हाय?"

"पहिल्या दिवसापासून."

"साहेबाले माहीत हाय?"

"त्यांनी कधी विचारलं नाही."

लांजेवार बाबूंनी डबीतलं एक टोपण उचललं, धोतर सावरलं आणि स्वतः टेबलाखाली शिरले. कसं फिरवायचं ते मी सांगितलं. खट्‌ करून बसलं. मेश्रामने ओळीने बटणं दाबली. सातही मशिनींमध्ये डॉस उतरला, चपलेवालीतसुद्धा.

तेवढ्यात टाय सारखा करत साहेब केबिनमधून बाहेर आले. गाडी फाटकाशी आली होती. लांजेवार बाबू टेबलाखालून बाहेर येत होते, गुडघ्याला धूळ लागलेली.

"काय लांजेवार, झालं का सगळं फिट?"

"हो जी साहेब," लांजेवार बाबू हात झटकत म्हणाले. "दोघायचंही पक्कं बसलं. तुमचं आन् माहं."

"व्हेरी गुड," साहेब म्हणाले. त्यांनी लांजेवार बाबूंच्या खांद्यावर थाप मारली आणि डायरेक्टरांना घ्यायला बाहेर गेले.