शिंका न आलेला शनिवार

विड्या वळणाऱ्या बाईचा खोकला कुणी मनावर घेत नाही. सोलापुरात भवानी पेठेतल्या आमच्या चाळीत सात खोल्या आहेत आणि सातही खोल्यांत दिवसभर कुणी ना कुणी खोकत असतं. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, तिची धूळ नाकातोंडात जायचीच. मी अठ्ठावीस वर्षं विड्या वळते आहे. मालक होते तेव्हा ते यंत्रमागावर जायचे. त्यांचा खोकला सुताचा आणि माझा तंबाखूचा. ते गेले, मग मुलगी लग्न होऊन अकलूजला गेली, आणि खोलीत एकच खोकला राहिला.

मुलीला मुलगा झाला तो आठव्या महिन्यात. पहिलं बाळंतपण माहेरी करतात. ते माझ्याकडे झालं नाही. विहीणबाई लग्नानंतर एकदाच माझ्या खोलीवर आल्या होत्या. त्यांनी मुलीला दिवस गेल्यावर फोनवरच विचारलं, "त्या एवढ्याशा खोलीत, तंबाखूत, बाळंतीण कुटं ठेवणार तुमी?"  त्यांचं म्हणणं खरंच होतं. मी "व्हय" म्हणाले.

बाळ दवाखान्यात काचेच्या पेटीत होतं तेव्हा मी एकदा जाऊन आले. काचेला हात लावू नका म्हणाले, म्हणून लांबूनच पाहिलं. त्याचे तळपाय माझ्या अंगठ्याएवढे होते. घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं, बाळाचं वजन वाढेपर्यंत सर्दी-खोकल्याचं माणूस जवळ येऊ देऊ नका. त्यामुळे बारसं बाराव्या दिवशी झालं नाही. सव्वा महिना झाल्यावरचा रविवार ठरला. त्या रविवारी मी त्याला पहिल्यांदा मांडीवर घेणार होते.

कोरोना पुन्हा थोडाथोडा आहे असं तेव्हा लोक बोलत होते. आता त्याला कुणी भीत नाही. पण मुलगी भीत होती. तिनं सोलापूरला येणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर घरी तपासायची दोन खोकी पाठवली आणि फोनवर समजावून सांगितलं. काडी दोन्ही नाकपुड्यांत फिरवायची, नळीतल्या पाण्यात बुडवून घोळायची, त्या पाण्याचे थेंब पट्टीवर टाकायचे, आणि पंधरा मिनिटं थांबायचं. एक रेघ आली तर काही नाही. दोन आल्या तर आहे.

"निघायच्या दिवशी सकाळी कर," ती म्हणाली. "दुसरं खोकं असू दे जवळ, चुकलं-बिकलं तर."

मी दोन्ही खोकी फळीवर बाळंतविड्याच्या पिशवीशेजारी ठेवली. पिशवीत तीन झबली, टोपडं, जुन्या मऊ लुगड्याचं दुपटं, मुलीसाठी साडी आणि आळीव-डिंकाचे लाडू होते. लाडू करायचे म्हणून दोन दिवस मी विड्या वळल्या नाहीत. सूप, पानं, तंबाखू सगळं अक्काच्या खोलीत नेऊन ठेवलं, खोली धुतली, मगच डिंक तळला. अक्का म्हणजे शेजारची. तेलगू आहे, माझ्याहून मोठी, आणि चाळीत माझं बोलणं होतं ते तिच्याशीच.

गुरुवारी संध्याकाळी घसा खवखवू लागला.

मी रात्रभर स्वतःला सांगितलं की हा तंबाखूचाच. शुक्रवारी सकाळी राहवलं नाही. रविवारची वाट न बघता मी पहिलं खोकं फोडलं. दार लोटलेलं होतं, अक्का आत आली.

"नाकात काय घालतीस गं?"

"तपासणी. पोरीनं धाडलीय."

"आपल्या नाकाची तपासणी?" अक्का उंबऱ्यावर बसली. "त्या काडीला तंबाखूच लागंल की. मशीन म्हनंल, ही बाई न्हाय, विडी हाय."

काडी बाहेर काढली तर कापूस खरंच तपकिरी झाला होता. अक्का हसून हसून खोकायला लागली. मलाही हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं. घड्याळात बघून पंधरा मिनिटं आम्ही दोघी त्या पट्टीपुढे बसलो. एकच रेघ आली.

"झालं की. जा आता नातवाकडं," अक्का म्हणाली.

मी मुलीला फोन केला. ती म्हणाली, "बरं झालं गं आई," आणि मागे बाळ रडत होतं म्हणून लगेच ठेवला. मी पदर नाकाला लावून कारखान्यात विड्या देऊन आले, नवी पानं आणि तंबाखू घेऊन आले.

शनिवारी अंग जड झालं. ताप असा नव्हता. दुपारी जेवून सुपात नवी तंबाखू ओतली. नवी तंबाखू ओतली की मला दोन शिंका येतात. लग्न होऊन आले तेव्हापासून येतात. पहिली लहान, दुसरी मोठी. मुलगी शाळेत होती तेव्हा ती वहीवरून मान न उचलता "एक, दोन" असं मोजायची.

त्या दिवशी शिंक आली नाही.

मी हात सुपात तसाच ठेवून थांबले. मग मूठभर तंबाखू नाकाजवळ नेली. काही नाही. धूळ आत जात होती, घसा चरचरत होता, पण वास म्हणून काही नव्हता. डब्यातला लाडू फोडून हुंगला. तोही मुका. मी सूप बाजूला ठेवलं.

मग खोक्यातला कागद काढला. इंग्रजी होतं आणि हिंदी होतं. माझी शाळा चौथीपर्यंत, पण हिंदीची अक्षरं आपलीच आहेत. बोट ठेवून वाचत गेले. लिहिलं होतं की त्रास होत असेल आणि एकच रेघ आली असेल, तर दोन दिवसांनी पुन्हा तपासा. फार लवकर केलं तर दिसत नाही. शुक्रवारपासून दोन दिवस म्हणजे रविवार. मुलीनं सांगितला होता तोच दिवस.

मी दुसरं खोकं हातात घेतलं. लगेच करावं असं वाटलं. आणि का वाटतं आहे तेही मला कळत होतं. आज केलं तर कदाचित अजून दिसणार नाही. आज एक रेघ आली तर मी उद्या गाडीत बसेन, आणि मला कुणी काही म्हणणार नाही. शुक्रवारीही मी घाई केली ती याचसाठी. तेव्हा ते मला मान्य नव्हतं. मला तपासायचं नव्हतं, मला जायला परवानगी हवी होती.

अक्का विड्यांची बंडलं बांधत होती. मी दारात लांब उभी राहून तिला शिंकेचं सांगितलं.

"शिंक आली न्हाय म्हनून कुनी आजारी असतंय व्हय?" ती म्हणाली. मग माझ्या तोंडाकडे बघून हात थांबवले. "हे बघ, खोकला काय, तुझ्या पोरीला म्हाईत हाय तंबाखूचा हाय ते. तुझ्या विहिणीलाबी म्हाईत हाय. कोन विचारतंय तुला?"

तेच तर होतं. कुणीच विचारलं नसतं. मी बाळाजवळ बसून दिवसभर खोकले असते तरी घरातली माणसं म्हणाली असती, विडीकामगार बाई आहे. ज्या तंबाखूनं पहिलं बाळंतपण माझ्या घरून नेलं, तिच्याच आडून मी विहिणीच्या घरात शिरू शकत होते.

"उद्या बघते," मी म्हणाले. दुसरं खोकं फळीवर ठेवलं.

रविवारी पहाटे उठून अंघोळ केली, जायची साडी नेसले. एसटी सातची होती. सहाला दुसरं खोकं फोडलं. या वेळी आधी नाक पाण्यानं धुतलं, पुसलं, थोडी थांबले. काडी पांढरीच निघाली. पट्टी दारात उजेडाला ठेवली आणि पिशवी मांडीवर घेऊन समोर बसले.

पहिली रेघ लगेच आली. दुसरी जागा बराच वेळ कोरी होती. दहा मिनिटांनी मी चप्पल सरळ करून ठेवली. बारा मिनिटांनी तिथं काहीतरी आहे असं वाटलं. पट्टी तिरकी धरून पाहिली. धुतलेल्या कपड्यावर हळदीचा डाग राहतो तशी फिकट रेघ होती. कागदावर लिहिलं होतं, फिकट असली तरी धरायची.

फोन मुलीनंच उचलला.

"निघालीस?"

"न्हाय गं. दुसरी रेघ आली."

 "ठळक हाय?"

"फिकट हाय."

"फिकट म्हंजे किती? आई, नीट बघ की. परवा तर एकच होती. तुला तर नेहमीचाच खोकला असतोय." तिचा आवाज बारीक झाला होता. तिलाही मी तिथं हवी होते. हे मला आधी ठाऊक नव्हतं असं नाही, पण ऐकल्यावर बोलणं अवघड झालं.

"तंबाखूचा वास येईना मला," मी म्हणाले. "कालपासनं."

"शिंका?"

"एकबी न्हाय."

मग तिनं सासूला हाक मारली. थोड्या वेळानं विहीणबाईंचा आवाज आला. "विहीणबाई, आता न्हाय येत म्हंता? पाव्हणे सांगितलेत सगळे. माहेरचं कोन बसणार?"  पलीकडे मुलगी त्यांना काहीतरी सांगत होती ते ऐकू येत होतं. मग त्या म्हणाल्या, "बरं. कळवलं ते बरं केलं. पेज पिऊन पडून रहा," आणि फोन परत मुलीला दिला.

बारशाच्या वेळी मुलीनं फोन लावून पाळण्याजवळ ठेवला. माझा फोन साधा आहे, त्यात दिसत नाही. बायकांचा गलका, बांगड्या, पाळण्याची करकर. मग आत्यानं कानात नाव सांगितलं आणि बायकांनी ते मोठ्यानं म्हटलं. सुंदर नाव आहे. त्यानंतर फोन तिथंच राहून गेला. पाळण्याचं गाणं संपलं, पंगतीसाठी सतरंज्या झटकल्या, कुणीतरी मीठ मागितलं. मी ठेवला नाही. एकदा अगदी जवळ बाळ कुरकुरलं आणि गप्प झालं. कुणी उचललं असावं. बऱ्याच वेळानं फोन आपोआप बंद झाला. मी जायच्या साडीतच होते.

ते दिवस लांब गेले. अक्का ताट उंबऱ्याबाहेर ठेवायची आणि चार पावलं मागे जाऊन उभी राहायची. "शिंकलीस का?" असं रोज विचारायची. कारखान्याला तिनंच कळवलं. हाताला काम नव्हतं. बोटं आपोआप वळायची, तेव्हा मी ती मांडीखाली दाबून बसायचे. चाळीत सगळ्या खोल्यांतून खोकला ऐकू यायचा. आधी कधी लक्ष गेलं नव्हतं की प्रत्येकीचा वेगळा आहे.

अकराव्या दिवशी अक्कानं मिरची फोडणीला टाकली आणि मला माझ्या खोलीत त्या वासानं ठसका आला. मी सुपावरचं फडकं काढून तंबाखू हुंगली. एक आली. थांबले. दुसरी आली.

पण नुसत्या शिंकांच्या भरवशावर निघायचं नाही असं ठरवलं. औषधांच्या दुकानात गेले. एरवी मी तिथं नुसती जुनी चिठ्ठी पुढे करते. त्या दिवशी चिठ्ठी नव्हती. दुकानदारानं काय पाहिजे विचारलं आणि मागे चार माणसं उभी होती.

"कोरोनाची तपासणी," मी म्हणाले. ऐकू गेलं नाही म्हणून पुन्हा म्हणाले, मोठ्यानं. मागची माणसं बाजूला सरकली.

"आता कोण करतंय मावशी?" तो म्हणाला. "मागवावं लागेल. परवा या."

सांगितल्या दिवशी गेले, आणलं. अजून फोडलेलं नाही. मुलगी म्हणाली येत्या रविवारी ये, म्हणून ते रविवारी सकाळीच फोडायचं. तोवर सूप अक्काकडे आहे, खोली दोनदा धुतली आहे, लाडू पुन्हा केले आहेत. झबली आता त्याला लहान होतील का असं मी विचारलं. ती म्हणाली, "न्हाय गं आई, अजून मोठीच होतील."