अकरा नंबरचं गाव

वसुधाताई कारखानीसांना मी नॉटिंगहॅमला पहिल्यांदा भेटले, तेव्हा पुण्याहून येऊन मला चारच दिवस झाले होते. विद्यापीठातल्या त्यांच्या खोलीत भिंतभर एकच नकाशा होता, ईशान्य थायलंडमधल्या एका तालुक्याचा. तिथे तालुक्याखाली 'तांबोन' नावाचे गावांचे गट असतात आणि गटातल्या प्रत्येक गावाला नावासोबत क्रमांकही असतो. हे समजावता समजावता त्यांनी आपल्या डब्यातल्या दोन पोळ्या माझ्यापुढे सरकवल्या. मी आधी पोळ्यांची शिष्या झाले, भूगोलाची नंतर.

पायांनी पाहिल्याशिवाय लिहायचं नाही, हा ताईंचा दंडक. भातखाचरांच्या बांधांवरून त्या आमच्या पुढे चालत आणि गावप्रमुखांसमोर आमच्याआधी हात जोडत.

कोणतं गाव सरकारी कचेरीपासून किती लांब, हा माझ्या प्रबंधाचा विषय, आणि त्याचा सारा डोलारा ताईंच्या त्या गाजलेल्या नकाशावर उभा. शेवटच्या दौऱ्यात मी एकटीच होते. पाहते तर अकरा नंबरचं गाव नकाशात दाखवल्याप्रमाणे दहाच्या पुढे दक्षिणेला नव्हतंच, ते होतं तीन नंबरच्या गावाच्या तळ्यापलीकडे. तिथे गाव वाढलं की त्याचे दोन भाग करतात आणि नव्या भागाला गटातला पुढचा क्रमांक देतात. नकाशासाठी ताई तिथे फिरल्या त्या वर्षी पुरामुळे रस्ता बंद होता, म्हणून तेवढं एकच गाव त्यांनी क्रमांकावरून अंदाजाने मांडलं होतं.

गुरूंची चूक गुरूंना कोण दाखवणार? मी मुळात भित्री. एका गुळमुळीत तळटिपेत ती दडवून मोकळी झाले. मसुदा वाचून ताईंनी बोलावून घेतलं.

"ही फूटनोट कोणाला वाचवायला लिहिलीस? मॅप चुकलाय, तर चॅप्टरमध्ये क्लिअरली लिही. कचेरीची बस त्या गावातल्या लोकांना पकडायची असते, माझ्या रेप्युटेशनला नाही."

पुढच्या सेमिनारला त्यांनी तो नकाशा भिंतीवरून उतरवून नेला, चूक आपली आहे असं सर्वांसमोर सांगितलं आणि ते गाव योग्य जागी मांडायला पेन माझ्या हातात दिलं. मला रडू आवरलं नाही. एक प्रकरण नव्याने लिहावं लागलं. त्यासाठी मुदतही ताईंनीच वाढवून आणली.

गेल्या हिवाळ्यात, गुडघा दुखत असताना, ताई त्या गावी जाऊन आल्या. यायला फार उशीर झाला, म्हणून त्यांनी गावप्रमुखांची माफी मागितली.

ताई, आज तुम्हाला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. चुका शोधायला आम्ही पुष्कळजण आहोत. त्या अशा मान्य करणारं माणूस मात्र आमच्यात तुमच्याशिवाय अजून कोणी तयार झालेलं नाही. आम्हाला ते जमेपर्यंत तुम्ही ठणठणीत राहा. आम्ही शिकायला सावकाश आहोत, हे तुम्हाला ठाऊकच आहे.