भलत्या खोऱ्यातले लीडर

आमचे लीडर आयुष्यात एकदाही रस्ता चुकले नाहीत. हे मी कुठल्याही व्यासपीठावर उभं राहून सांगायला तयार आहे. कारण त्यांच्याबरोबर आम्ही जेव्हा जेव्हा भलत्या ठिकाणी पोचलो, तेव्हा तेव्हा चूक त्या ठिकाणाची आहे हे त्यांनी शांतपणे सिद्ध केलं. एकदा डोंगराच्या माथ्यावर पोचायचं सोडून आम्ही कुणाच्या तरी मेंढ्यांच्या शेडसमोर उभे राहिलो. लीडरांनी नकाशा उलगडला, शेडकडे पाहिलं आणि म्हणाले, "नकाशा जुना आहे. ही शेड नवीन दिसतेय." शेडच्या छपरावर गवत उगवून वाळून गेलेलं होतं.

ते पेशाने रस्ते बांधणारे इंजिनियर होते. हा विनोद माझा नव्हे, परिस्थितीचा आहे. दोन हजार सालाच्या आगेमागे पुण्याहून जी मंडळी ख्राइस्टचर्चला आली त्यांच्यातले ते वयाने जरा मोठे. पुण्यात असताना पंचवीस वर्षं दर रविवारी त्यांनी लोकांना सह्याद्रीत फिरवलं होतं, आणि ज्याच्यामागे चार माणसं चालतात त्याला तिकडे लीडर म्हणतात. न्यूझीलंडने आमच्यापैकी अनेकांच्या पदव्या तपासायला वर्ष वर्ष लावलं, पण ही पदवी विमानतळावरून तशीच आत आली. त्यांचं खरं नाव फक्त वहिनींना आणि कर खात्याला ठाऊक असावं.

बर्फाशी त्यांची ओळख पंचेचाळिशीनंतर झाली, तीही लायब्ररीतून आणलेल्या व्हिडिओ कॅसेटवरून. बाकीचे लोक स्की करायला जातात तिथे लिफ्ट असते, कॉफी असते, मुलांना शिकवणाऱ्या मुली असतात. लीडरांना ते सगळं अमान्य होतं. "लिफ्टने वरच जायचं असेल तर ऑफिसात जावं," असं ते म्हणत. त्यांचं स्कीइंग म्हणजे स्कीच्या तळाला केसाळ पट्टे चिकटवायचे, म्हणजे चढावर पाय मागे घसरत नाही, आणि मग दिवसभर पाठीवर घर घेऊन डोंगर चढायचा. वर पोचलं की पट्टे काढून पलीकडे उतरायचं. चढायला पाच तास, उतरायला वीस मिनिटं, आणि त्या वीस मिनिटांतली बारा पडण्यात. स्कीला ते पादुका म्हणत. "पादुका घाला," असा हुकूम सकाळी सहाला सुटला की माझ्या मनात भक्तिभाव सोडून सगळं काही येई.

पण लीडरांची खरी खूण म्हणजे ते कुठे चाललोय हे सांगत नसत. घरातून बाहेर पडणाऱ्याला 'कुठे' असं विचारू नये, काम होत नाही, हे आपण सगळ्यांनीच लहानपणी ऐकलेलं असतं. मोठं झाल्यावर आपण ते सोडून देतो. लीडरांनी पत्रिका सोडली, मुहूर्त सोडले, सत्यनारायण सोडला, नव्या घरात वास्तुशांतीऐवजी पाइप तपासून घेतले. मात्र हे एवढं सोडलं नाही. वहिनी सांगायच्या, "लग्नानंतर फिरायला निघालो. महाबळेश्वरला चाललोय हे मला वाई मागे पडल्यावर कळलं." मी एकदा धीर करून विचारलं, की लीडर, तुम्ही तर असलं काही मानत नाही ना? ते म्हणाले, "मानत नाहीच. पण उगाच कशाला सांगायचं?"  

नेमक्या या माणसाने अशा देशात येऊन राहावं, जिथे डोंगरात पाऊल टाकायचं तर आधी कुठे जाणार ते लिहून द्यावं लागतं. इथे डोंगरांमध्ये सरकारी हट असतात. चार फळ्यांचे पलंग, एक शेगडी, आणि दाराशी दोरीने बांधलेली वही. तीत नाव, तारीख, कुठून आलात आणि कुठे जाणार असे रकाने. तुम्ही परतला नाहीत तर शोधायला येणारे लोक आधी ती वही उघडतात. लीडर शेवटच्या रकान्यात नेहमी एकच शब्द लिहीत: 'घरी'. इंग्रजीत, सुवाच्य अक्षरात.

२००७ च्या ऑगस्टमध्ये आम्ही तिघं निघालो. लीडर, मी आणि मेघना. मेघना नागपूरची, हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट, आमच्यात सगळ्यात तरुण आणि स्कीवर सगळ्यात सरस. लीडरांना तोंडावर बोलणारी ती एकटीच. चार दिवसांची सहल होती, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. पहिल्या संध्याकाळी पहिल्या हटमध्ये पोचलो, लीडरांनी वहीत 'घरी' लिहिलं, आणि मग रेडिओ लावला. तेव्हा डोंगरात नेण्यासाठी असे रेडिओ भाड्याने मिळत. काठ्यांमध्ये लांबच लांब तार ताणायची, आणि संध्याकाळी ठरल्या वेळी शहरातली एक म्हातारी बाई एकेका गटाला पुकारून हवामान सांगे, कुठे आहात आणि उद्या कुठे जाणार ते विचारून घेई. लीडर म्हणाले, आम्ही घरी जाणार.

"बरेच लोक घरीच जातात, डिअर," बाई म्हणाली. "पण कुठल्या बाजूने?"

लीडरांनी आवाज नीट येत नसल्याचं कळवलं. बाईने तिच्या कागदावर बहुधा आम्ही आलो त्याच वाटेने परत निघणार असं लिहून घेतलं. कुठलाही समंजस माणूस तेच लिहील.

आम्ही मात्र सकाळी उलट्या दिशेला, खिंडीकडे चढू लागलो. दुपारी खिंडीत पोचलो आणि ढग उतरला. हे धुकं नव्हे. धुक्यात निदान आपले पाय दिसतात आणि पाय जमिनीवर आहेत अशी खात्री असते. इथे बर्फ आणि आकाश एकच झालं. चढ कुठला, उतार कुठला, काही कळेना. मी थांबलोय असं समजत होतो आणि प्रत्यक्षात हळूहळू खाली घसरत होतो. हे मला मेघनाने सांगितलं, आणि तीही त्या वेळी घसरतच होती. लीडर पुढे बर्फाचा गोळा फेकत. गोळा कुठे पडतो ते पाहून जमीन आहे की कडा हे ठरवायचं. गोळा दिसला तर जमीन. एक गोळा दिसलाच नाही. आम्ही तिघं त्या जागेकडे बराच वेळ पाहत उभे राहिलो.

"आपण बरोबर चाललोय," लीडर म्हणाले. कुठे, हे ठाऊक असतं तर मलाही काही मत देता आलं असतं.

उतरताना मेघना पडली. ती कधी पडत नसे, त्यामुळे आधी आम्हाला वाटलं ती बसली आहे. मग तिने गुडघा दोन्ही हातांनी धरला आणि शांतपणे म्हणाली, "गेला." तिला मध्ये धरून, तिच्या स्की ओढत, आम्ही कसेबसे खाली आलो, आणि ढगाच्या तळाशी एक हट उभी होती. लीडरांचा चेहरा उजळला. "म्हटलं होतं ना," ते म्हणाले. त्यांनी तसं काही म्हटलं नव्हतं, पण त्या क्षणी मी त्यांना भारतरत्नही दिलं असतं.

मी दाराशी बांधलेली वही उघडली. वहीवर हटचं नाव होतं. मग लीडरांनी खिशातला नकाशा काढला, आणि आमच्या सहलीचा बेत आम्हाला प्रथमच दिसला. पेन्सिलीची बारीक रेघ, जागोजागी लागणारे तास, विसाव्याच्या जागा, सगळं स्वच्छ आखलेलं. मला इतकी वर्षं वाटत होतं, की हे बेत सांगत नाहीत याचं कारण बेतच नसतो. बेत होता. उत्तम होता. फक्त त्यात या हटचं नाव कुठेच नव्हतं. आम्ही खिंडीतून पलीकडच्या नव्हे, शेजारच्या खोऱ्यात उतरलो होतो. मी वही पुढे केली. लीडरांनी ती निरखून पाहिली.

"कुणीतरी दुसऱ्या हटची वही इथे आणून ठेवलीय," ते म्हणाले.

संध्याकाळी तार ताणली. बाईने हवामान सांगितलं. उद्या सकाळपर्यंत उघाड, दुपारनंतर वायव्येचा वारा आणि पाऊस. बर्फावर पाऊस म्हणजे अख्खे उतार सुटून खाली येणार, आणि मग तीन-चार दिवस कुणी आत येऊ शकणार नाही की बाहेर जाऊ शकणार नाही. मेघनाचा गुडघा तोवर उशीएवढा झाला होता आणि पायाची बोटं गार पडू लागली होती. मी असे गुडघे रोज बघते, ती म्हणाली, याला हॉस्पिटल लागणार आणि उद्याच लागणार. म्हणजे हेलिकॉप्टर, तेही सकाळी, एकदाच. ते ज्या खोऱ्यात येईल त्या खोऱ्यात आम्ही असणं जरूर होतं.

बाईने विचारलं, आता नक्की कुठे आहात?

लीडर माइक हातात धरून बसले. डोंगरातले सगळे गट रेडिओवर हेच ऐकत होते. नकाशावरची हट सांगितली तर हेलिकॉप्टर एका खोऱ्यात आणि मेघना दुसऱ्या. वहीतलं नाव सांगितलं तर पंचवीस वर्षं संपली. हे इतकं सरळ होतं की त्यांना वेळ का लागतोय ते मला कळेना, आणि तरी मी माइक ओढून घेतला नाही, ते का, हेही कळेना. तारेतून नुसती खरखर येत होती.

"लीडर," मेघना पलंगावरून म्हणाली, "माझा गुडघा कुठे सुजलाय ते त्यांना सांगा. तुमचा बेत नंतर सांगा."

लीडरांनी वही जवळ ओढली. हटचं नाव एकेक अक्षर सुटं करून वाचलं, दोनदा. मग, कुणी विचारलेलं नसताना, म्हणाले, "आम्ही रस्ता चुकलो आहोत."

"ठीक आहे, डिअर," बाई म्हणाली. "आता नाही चुकलेले." आणि पुढच्या गटाला पुकारलं.

त्यानंतर लीडरांनी खिचडी केली. त्यांची समजूत काढावी की आभार मानावेत, मला ठरवता आलं नाही. जेवताना त्यांनी एकच विचारलं, मीठ कमी आहे का. मीठ अजिबात नव्हतं. आम्ही दोघांनी नाही म्हटलं.

सकाळी हेलिकॉप्टर आलं. पायलटने मेघनाचा पाय पाहिला, आमच्या तोंडांकडे पाहिलं, 'स्वीट अ‍ॅज', म्हणजे काही काळजी नको, असं म्हणाला, आणि तिघांनाही आत घेतलं. मेघनाचं ऑपरेशन झालं, पाय वाचला. पुढच्या हिवाळ्यात ती पुन्हा स्कीवर होती.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण परदेशात मराठी मंडळ असतं. दिवाळीच्या कार्यक्रमात, एका शाळेच्या हॉलमध्ये, गाण्यांच्या आणि जेवणाच्या मध्ये लीडरांचा सत्कार ठेवण्यात आला. अध्यक्षांनी भाषण केलं. त्यात हिमवादळ होतं, भगिनीचे प्राण होते, सह्याद्रीचा कडा दक्षिण गोलार्धात भक्कम उभा राहिला होता, आणि लीडरांनी मेघनाला खांद्यावर घेऊन दोन दिवस चालत आणलं होतं. कुबड्या घेऊन पहिल्या रांगेत बसलेल्या मेघनाने माझ्याकडे पाहिलं. शाल झाली, नारळ झाला, मानपत्र झालं. लीडर माइकपाशी उभे राहिले.

"मी रस्ता चुकलो होतो," ते म्हणाले. "सांगायलाही उशीर केला. हिचा पाय जाणार होता."

टाळ्यांचा कडकडाट झाला. काय विनय, असं माझ्यामागची बाई म्हणाली. लीडरांनी हात वर करून पुन्हा तेच सांगितलं, जरा मोठ्याने. लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. त्यांचा चेहरा खिंडीतल्या त्या न दिसलेल्या गोळ्याकडे पाहताना झाला होता तसा झाला. वहिनींनी वर जाऊन त्यांना हाताला धरून खाली आणलं.

त्यानंतर त्यांनी कुणालाही कुठे नेलं नाही. येत असत, पण रांगेत शेवटी चालत. पुढे मेघना किंवा मी. वाट फुटली की आम्ही मागे वळून पाहायचो. ते दोन्ही वाटांकडे तितक्याच आदराने पाहत आणि म्हणत, "तुम्ही ठरवा." त्यांना हलकं वाटत होतं की ते मोडले होते, हे मला समजलं नाही. मी विचारलंही नाही. त्यांच्याचकडून शिकलो होतो, की काही गोष्टी विचारू नयेत.

२००९ मध्ये वडिलांचं पाहायला ते पुण्याला परत गेले. पुढच्या वर्षी मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा सोफ्याच्या वर मानपत्र टांगलेलं होतं. वहिनींनी लावलं असावं. येणारे-जाणारे त्यावर मंडळाने छापलेला फोटो पाहत: निळं आकाश, पांढरीशुभ्र शिखरं, उतारावरून झेपावणारा एकटा स्कीवाला. हेच का ते न्यूझीलंडचे डोंगर, असं विचारत. लीडर हो म्हणत नसत आणि नाहीही म्हणत नसत. मी चहा घेता घेता जवळ जाऊन पाहिलं. फोटोच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात छापलं होतं: नॉर्वे.