शांताक्कांबरोबर आलेल्या अकरा जणी

मंडळी, आज जे पाहिलं ते मनातून जातच नाहीये, म्हणून लिहितेय.

मी हुबळीत एका कॅन्सर रुग्णालयात नोंदी ठेवते. आजार तोच असतो, पण केशवापूरसारख्या सुखवस्तू भागातल्या बायका छातीत गाठ हाताला लागली की लगेच येतात आणि बहुतेक बऱ्या होऊन जातात. अळणावरकडच्या खेड्यांतल्या मजूर बायका रोजगार बुडेल म्हणून थांबतात. त्यांच्यातल्या कितीतरी जणींच्या फायलीवर मृत्यूची नोंद मी केलीय.

शांताक्का तिकडच्याच, भातलावणीला जाणाऱ्या. त्यांची धाकटी बहीण उशिरा आली आणि इथंच गेली. आज शांताक्का गावातल्या अकरा बायकांना तपासणीला घेऊन आल्या.

"अक्का, एवढ्या जणी कशा तयार झाल्या?" मी विचारलं.

"एकटी कुणी आली नसती बघा. मुकादमाला सांगून टाकलं, आज आमच्यातली कुणीच कामाला येणार नाही. मग सगळ्या निघाल्या."

दुपारी एकीच्या छातीत बारीक गाठ सापडली. ती घाबरून रडायला लागली. डॉक्टर म्हणाले, "अजून तपासावं लागेल. पण कॅन्सर निघाला तरी तुम्ही वेळेत आलाय."

शांताक्कांनी तिचा हात धरला. "माझ्या बहिणीला असं कुणी म्हणू शकलं नाही," एवढंच त्या बोलल्या.

जे मी इतकी वर्षं नुसतं लिहून ठेवत होते, ते बदलायला ही बाई गावातून निघाली होती.

तुमच्याकडं कामाला येणाऱ्या बाईंना तपासणीसाठी पगार न कापता एक दिवस सुट्टी द्याल का?