आत्याच्या कानावर पडलेला ‘सीए’

“आई गेली,” एवढंच आत्याचा थोरला मुलगा प्रशांत फोनवर बोलला. मला वाटलं, आत्या असती तर म्हणाली असती, आधी नीट चौकशी कर... तिचा कशावरच चटकन विश्वास बसत नसे. नवऱ्याच्या माघारी गांधीबागेतलं कापडाचं ठोक दुकान तिनं एकटीनं सांभाळलं, तेही या संशयी स्वभावाच्या जोरावर, असं ती अभिमानानं सांगे.

दिवाळीनंतर तिची तब्येत ढासळली. दवाखान्यात तपासण्या झाल्या. दाराबाहेर डॉक्टर तिच्या दोन्ही मुलांशी हळू आवाजात बोलत होते, त्यातला एकच शब्द तिच्या कानी पडला, ‘सीए’. आमच्या घरात सीए म्हणजे हिशेब तपासणारा, कर भरून देणारा माणूस. त्यात घरी ती खोलीत आली की सुना बोलणं बदलायच्या, धाकटा फोन घेऊन गच्चीवर जायचा... तिनं मनाशी धरलं, पोरं दुकानाच्या वाटण्या करताहेत. तिजोरीची किल्ली तिनं पदराला बांधली आणि उपचाराच्या संमतीपत्रावरही सही करेना.

मी शाळेत विज्ञान शिकवते. भेटायला गेले तेव्हा तिनं मला दार लोटायला लावलं आणि विचारलं, सीए म्हणजे दुसरं काही असतं का? आमच्या विषयात सीए म्हणजे कॅल्शियम, मी म्हटलं, हाडांचं काही असेल. तिला ते पटलं नाही, आणि खरं म्हणजे मलाही नाही. जिन्यात प्रशांतला गाठलं. डॉक्टरांच्या बोलीत सीए म्हणजे कॅन्सर, तो म्हणाला. “तिले सांगू नको. हाय खाईल ती.”

मी परत वर गेले आणि आत्याला सगळं सांगितलं.

तिनं पदराची किल्ली चाचपली. मग म्हणाली, “म्हंजे पोरं वाटण्या नाई करून राहिले?”

“नाही, आत्या.”

“मले वाटलं, माह्या जित्तेपणी दुकान विकून राहिले...” तिनं डोळे पुसले. “बिमारी त काय वं, कोनालेबी होते.”

तिनं प्रशांतला हाक मारली, पदराची किल्ली सोडून त्याच्या हातात दिली आणि सही केली. तो माझ्याशी कित्येक दिवस बोलला नाही. आत्याला मात्र उपचारांमुळे एक अख्खा उन्हाळा मिळाला. प्रत्येक गोळी कशाची, हे डॉक्टरांना दोनदा विचारून तिनं तो काढला.

मागच्या आठवड्यात दुकानात गेले होते. एक व्यापारी नवा माल दाखवत होता, अस्सल सुती म्हणून. आता गल्ल्यावर थोरली सून सुनीता बसते. तिनं कापडाच्या कडेचा एक धागा ओढला, काडी लावली आणि वास घेतला. सुताची होते तशी राख पडली नाही, टोकाला पॉलिएस्टरची काळी टणक गोळी झाली. आत्या असंच करायची. तिनं हे कुणाला शिकवलेलं नव्हतं, पाहून पाहूनच आलं असावं. व्यापारी हसला. सुनीता हसली नाही. तिनं कापडाची घडी घातली आणि त्याच्या पिशवीत परत ठेवली.