गावठी चिनी

पूनमला चिनी बोलता येते, पण तिची चिनी निम्म्याहून अधिक चीनला कळत नाही, ही गोष्ट शाओशिंगमध्ये राहायला आल्यानंतर अडीच वर्षांनी तिच्या लक्षात आली. लक्षात आणून दिली एका शाळेने, फोनवर. ‘कृपया चिनीत बोला,’ असं पलीकडची बाई तीनदा म्हणाली आणि तिन्ही वेळा पूनम चिनीतच बोलत होती.

शाओशिंग हे शांघायच्या दक्षिणेचं, कालव्यांच्या जाळ्यात वसलेलं कापडाचं शहर. पूनमचा नवरा कुमार सोलापुरातल्या टॉवेलच्या कारखान्यात सहा वर्षं होता. आता एका निर्यात कंपनीसाठी तो माल जहाजावर चढण्यापूर्वी कापड तपासतो. आठवड्यातले चार दिवस तो गिरण्यांच्या फेऱ्यांवर असतो. घरी पूनम आणि सहा वर्षांची राजनंदिनी.

पूनम सांगोला तालुक्यातल्या धनगरवस्तीवरची. बारावीपर्यंत शिकली, लग्न होऊन जुळे सोलापुरातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आली आणि बोलायची बंद झाली. त्याला कारण सासू. राजाबाईही मूळच्या वस्तीवरच्याच, पण शहरात आल्यावर त्यांनी आपली बोली घासूनपुसून साफ केली होती आणि सुनेनेही ती करावी असा त्यांचा आग्रह होता. ‘हाय नाही, आहे. न्हाय नाही, नाही,’ असं त्या सांगायच्या, आणि हे वाक्य ऐकून पूनमला हसू आलं की आणखी चिडायच्या. सोसायटीच्या बायकांसमोर पूनम मान हलवून काम भागवी. शेजारणींचा समज झाला, ही मुलगी मुकी नसली तरी मंद असावी.

शाओशिंगला आल्यावर पहिले दोन महिने तसेच गेले. परक्या माणसाने आल्यापासून चोवीस तासांत पोलीस ठाण्यात नोंद करायची, ती झाली. तिथल्या कॉम्प्युटरने आडनाव पुढे घेतलं, पण मधलं नाव नवऱ्याचं असतं हे त्याला पटेना. दवाखान्यात ‘कुमार’ असा पुकारा होई आणि पूनम, हे कुटं आले आता, म्हणून दाराकडे बघत बसे. तोवर नंबर निघून जाई. सोलापूरशी बोलायची वेगळी अडचण. तिकडचं ॲप इकडे बंद, इकडचं तिकडे. शेवटी कुमारने कंपनीच्या मीटिंगचं ॲप आईच्या मोबाइलवर घातलं. तेव्हापासून राजाबाई दर रविवारी संध्याकाळी ‘पाहुणे क्रमांक एक’ या नावाने मीटिंगला हजर असतात.

पहिला चिनी शब्द पूनम लिफ्टमध्ये शिकली. एक पोरगी एका म्हातारीचा हात ओढत ‘नायनाय, नायनाय’ म्हणून ओरडत होती. हे लेकरू कशाला नको म्हणतंय, असं वाटून पूनमने तिला जवळ घेतलं. पोरीने भोकाड पसरलं. नायनाय म्हणजे आजी, हे मग कळलं.

ती आजी म्हणजे शेनबाई. इमारतीमागे कालव्याच्या काठाला पालिकेची एक रिकामी पट्टी होती, तिच्यात या बाईने परवानगी न विचारता मुळा, पालेभाजी आणि वाल लावलेले. पूनमने तिची खुरपणी पाहिली. दुसऱ्या दिवशी न सांगता शेजारच्या वाफ्यात जाऊन बसली. त्या काठावर अशा पाचसहा म्हाताऱ्या होत्या, सगळ्या आसपासच्या खेड्यांतून मुलांच्या फ्लॅटमध्ये आणलेल्या, सगळ्या बडबड्या. पूनम चुकली तर त्या हसत. मग तेच वाक्य पुन्हा सांगत. तीही हसे आणि पुन्हा म्हणे. वर्षभरात ती भांडू लागली. दीड वर्षात तिचं भांडण म्हाताऱ्या ऐकून घेऊ लागल्या.

‘माझी बायको फाडफाड चिनी बोलते,’ असं कुमार ऑफिसात सांगायचा. त्याने तिला बोलताना नीट ऐकलं नव्हतं. त्याने स्वतः क्लास लावून, आवाजाचे चढउतार घोकून, टीव्हीवरच्या बातम्यांसारखी प्रमाण चिनी कमावली होती. शाळेच्या फोननंतर त्याने पूनमला समोर बसवलं.

‘बोल बरं. मी शाळेजवळ राहते, असं म्हण.’

पूनम म्हणाली.

‘हे काय आहे?’

‘चिनी हाय की.’

‘ही चिनी नाही. यातला एक शब्द मला कळला नाही.’

‘मग तुमची कच्ची हाय.’

कुमारने ऑफिसातल्या एका स्थानिक सहकाऱ्याला ते वाक्य फोनवर ऐकवलं. तो इतका हसला की त्याला बोलवेना. मग म्हणाला, माझी खेड्यातली पणजी अशी बोलायची. तुमच्या बायकोला कुठे भेटली ती?

‘अडीच वर्षांत तुला एक शुद्ध बोलणारा माणूस भेटला नाही?’ कुमारने विचारलं.

‘भेटला की. पर तो आठवड्यातनं तीन दिस घरी असतोय, आन् तवा झोपतोय.’

एरवी हा विनोदाचा विषय झाला असता. पण शाळेचा प्रश्न होता. भारतीय मुलं जातात ती आंतरराष्ट्रीय शाळा कुमारच्या पगारात बसणारी नव्हती. त्यांच्या भागातल्या सरकारी शाळेत परदेशी मुलांना मोजक्या जागा होत्या आणि त्यासाठी पालकाची मुलाखत होती. मुलीची रोज ने-आण करणाऱ्या, शिक्षकांचे निरोप घेणाऱ्या पालकाला चिनी बोलता आली पाहिजे, ही अट. तो पालक म्हणजे पूनमच असणार होती.

राजाबाईंनी तोडगा आधीच काढला होता. जुळे सोलापुरातल्या एका इंग्रजी शाळेत त्यांनी नातीची जागा धरून ठेवली होती.

‘पंधरा जूनपर्यंत थांबतो म्हणालेत,’ रविवारच्या मीटिंगमध्ये त्या म्हणाल्या. ‘तिकडचं जमलं नाही तर पोरीला घेऊन सरळ निघून ये. कुमार राहील एकटा. माणसं दुबईला राहत नाहीत का?’

‘जमंल की, आत्या.’

‘आपली मराठी तुला धड आली नाही, ती चिनी कुठून यायची?’

पूनमने मान हलवली. जुळे सोलापुरात हलवायची तशीच. फोन बंद झाल्यावर ती कुमारला म्हणाली, ‘मी न्हाय जायाची. तितं मी पाच वरसं तोंड मिटून काढली. हितं सगळ्यांशी बोलतीया. आन् तुमाला भाकरी कोन थापून देनार?’ ज्वारी तिथे मिळते, पण तांबडी आणि चिकट. दुकानदाराला वाटतं, या बाई घरी दारू गाळणार. पूनमने तिच्यात निम्मं तांदळाचं पीठ घालून भाकरी जमवली होती.

कुमारने चाळीस प्रश्न आणि त्यांची शुद्ध उत्तरं देवनागरीत लिहून काढली. पूनमने भांडी घासताना, कपडे वाळत घालताना ती पाठ केली. कालव्याकाठी जाणं तिने तीन आठवडे बंद केलं. जीभ बिघडेल म्हणून.

मेअखेरच्या शनिवारी सकाळी मुलाखत होती, आणि स्थानिक मुलांची नावनोंदणीही त्याच खोलीत. पालकांना एकेक करून आत बोलावत होते. पहिलीच्या वर्गाच्या बाई, गाओ नावाच्या, पंचविशीच्या, पार उत्तरेकडच्या हार्बिनहून वर्षापूर्वी इथे आलेल्या. घरी कोण कोण आहे? पूनमने उत्तर दिलं. शाळेत कशी सोडणार? इलेक्ट्रिक स्कूटरवर, सात वाजून वीस मिनिटांनी. दोन्ही उत्तरं चोख गेली. तिसरा प्रश्न यादीत नव्हता. मुलगी एखाद्या मुलाशी भांडली, तर तुम्ही काय कराल?

पूनमला हे समजलं. उत्तरही तयार होतं, कारण या विषयावर काठावरच्या म्हाताऱ्यांशी तिचा कैक वेळा वाद झाला होता. आधी आपल्या पोरीला विचारीन, मग त्या पोराला, आणि आयांना मधे घेणार नाही. ती भरभर बोलली आणि अर्ध्यात तिला स्वतःलाच ऐकू आलं की आपण कुठल्या भाषेत बोलतोय.

‘चिनीत सांगा,’ गाओबाई म्हणाल्या.

पूनमने शुद्ध शब्द शोधले. एकही हाताला लागला नाही. गाओबाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं, सभ्यपणे हसल्या आणि बाहेर बसायला सांगितलं. बाहेर थांबलेल्या राजनंदिनीने विचारलं, ‘मम्मी, झालं?’ पूनम म्हणाली, ‘व्हय, झालं.’

दोघी बाकावर बसल्या. आत पुढची पालक गेली होती, एक आजी आणि तिची नात. दार उघडंच होतं. आजीचा आवाज हळूहळू चढत गेला. गाओबाई ‘हो, हो, जेवण शाळेतच मिळतं’ असं समजावत राहिल्या. आजी टेबलावर थापा मारू लागली. नात तिच्या पदरामागे, म्हणजे जाकिटामागे, तोंड लपवून उभी.

पूनम उठली आणि दारात जाऊन उभी राहिली.

‘ती जेवनाबद्दल विचारत न्हाय,’ हे तिने मनात मराठीत म्हटलं आणि मोडक्या पण शुद्ध चिनीत बाहेर काढलं. ‘जेवण विचारत नाही. ह्वाशंग. मुलगी ह्वाशंग खात नाही. खाल्लं, की गळा सुजतो. दवाखाना.’

ह्वाशंग म्हणजे भुईमुगाच्या शेंगा. प्रमाण चिनीतला हा एकच शब्द असा होता जो पूनमला कुणी शिकवावा लागला नव्हता. चटणीसाठी ती सुपरमार्केटच्या मुलीकडून महिन्याला दोन किलो मागून आणायची, आणि शब्दाच्या शेपटाला आपलीच शेंग असल्याने तो जिभेवर आपोआप बसला होता.

गाओबाई उभ्या राहिल्या. शाळेच्या दुपारच्या जेवणात आठवड्यातून दोनदा शेंगदाणे असायचे.

‘विचारा त्यांना, शेवटचं कधी झालं होतं?’

पूनमने आजीला विचारलं. आजीने आधी तिला वरून खाली न्याहाळलं. मग एकदम मोकळी होऊन सगळं सांगितलं, थंडीतली रात्र, सुजलेले ओठ, सुई, आणि वर सुनेचा हलगर्जीपणा. पूनमने सून वगळून बाकीचं सांगितलं. गाओबाईंनी औषधाचं नाव विचारलं. आजीने खिशातून चिठ्ठी काढली. दहा मिनिटं असं चाललं. एक चिनी बाई आणि दुसरी चिनी बाई, आणि मध्ये सांगोल्याची.

आजी बाहेर पडताना पूनमला म्हणाली, ‘कुठल्या गावची तू? आमच्याच बाजूची दिसतेस. रंग कसा असा?’

बाहेर आणखी दोन आजोबा आणि एक आजी बसली होती. त्यांची पाळी आली तेव्हा गाओबाईंनी दारातून पूनमला खूण केली. दुपारी साडेबारापर्यंत पूनम आतच होती. शेवटी गाओबाईंनी थर्मासमधलं गरम पाणी दोघींसाठी ओतलं.

‘माझ्या वर्गात बेचाळीस मुलं,’ त्या म्हणाल्या. ‘सोळांना आजी-आजोबा नेतात. वर्षभर मी त्यांच्याकडे बघून नुसती मान हलवते.’

‘मला माहीत आहे, कसं वाटतं,’ पूनम म्हणाली. हे वाक्य पाठ केलेल्या चाळिसांत नव्हतं आणि ते शुद्ध होतं.

नऊ दिवसांनी फोनवर निरोप आला, राजनंदिनीचं नाव यादीत आहे. कुमार त्या वेळी गिरणीत होता. त्याने तो निरोप दोनदा वाचला. मग कापडाचा तागा तपासायचा अर्धवट टाकून त्या पणजीवाल्या सहकाऱ्याला फोन लावला.

रविवारी मीटिंगमध्ये पूनमने सासूला सांगितलं. राजाबाईंनी मोबाइल डोळ्यांजवळ धरला.

‘पण तू बोललीस कशी?’

‘जशी बोलतीया तशीच, आत्या.’

सोमवारी राजाबाई रिक्षा करून शाळेत गेल्या आणि धरलेली जागा सोडत असल्याचा अर्ज दिला. कारकुनाने कारण विचारलं. नातीला चीनच्या सरकारी शाळेत प्रवेश मिळाला, असं त्यांनी सांगितलं. कारकुनाने चष्मा वर केला.

‘चीनमध्ये? तिकडं कुणाची ओळख होती का?’

‘ओळख कशाला पाहिजे?’ राजाबाई म्हणाल्या. ‘सून आहे तिथं माझी.’